पेन्सिल खाली

सोमवार, ता. ४

रविवारी संध्याकाळी आम्ही दोघं पायरीवर बसून माझे कॅनव्हासचे बूट पांढरे करायचो. धाकट्या भावाच्या शाळेत बूट लागत नसत, तरी ब्रश त्याच्याच हातात. मी फक्त बाटली धरायची. "हलू नकोस गं ताई," असं तो मलाच दटावायचा. वडील आतून म्हणायचे, "बुटाला लावताय की पायरीला?" सोमवारी सिस्टर रांगेतून सगळ्यांच्या पायांकडे बघत जायच्या. माझे बूट एकदाही नापास झाले नाहीत.

आज हे आठवायला कारण आहे. उद्या धाकटा माझ्यासमोर, टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसणार आहे.

वडील पाणीपुरवठ्यात चावीवाले होते. रस्त्याखालच्या झडपा लांब दांड्याच्या लोखंडी चावीने उघडायच्या, बंद करायच्या, म्हणजे प्रत्येक भागाला त्याच्या वेळेला पाणी मिळतं. त्यांच्यामागे ती चावी धाकट्याने धरली. मला कॉन्व्हेंटमध्ये घातलं, कारण खात्याच्या चाळीतल्या मुलींना सिस्टर आनंदाने घेत. तिथेच शॉर्टहँड शिकले आणि कामगार खात्यात स्टेनो झाले. निवृत्तीला चार महिने राहिलेत.

दोनशेच्या वर चावीवाले दहा-दहा, बारा-बारा वर्षं रोजंदारीवर आहेत. त्यांना कायम करा, एवढीच मागणी. नाहीतर अकरा तारखेपासून संप. त्याआधी कायद्याप्रमाणे आमच्या समेट अधिकाऱ्यांपुढे बोलणी व्हायला हवीत, आणि समेट अधिकाऱ्यांची स्टेनो मी.

नव्या साहेबांना सांगून टाकलं की युनियनच्या अकरा प्रतिनिधींत माझा सख्खा भाऊ आहे. दुसरी स्टेनो बोलवायची तर बोलवा. ते हसले. "उलट बरंच आहे. त्यांचं बोलणं तुमच्याइतकं कुणाला कळणार?" मला फार बरं वाटलं. महिनाच झालाय त्यांना सचिवालयातून येऊन, पण माणूस समजूतदार आहे.

जुन्या साहेबांची एक पद्धत होती. भाषणबाजी संपून खरं बोलणं सुरू झालं की ते पेनाला टोपण लावायचे आणि मी पेन्सिल खाली ठेवायची. तेवढा वेळ इतिवृत्तात एकच ओळ: 'चर्चा झाली.' मग माणसं मोकळी व्हायची, शिव्या द्यायची, रडायची, आणि त्यातूनच मार्ग निघायचा. वीस वर्षांत किती संप त्या खोलीत विरघळून गेले. सगळ्या युनियनना हे ठाऊक आहे. नव्या साहेबांनाही मीच परवा सांगितलं. त्यांनी फार लक्ष देऊन ऐकलं.

मंगळवार, ता. ५

दमले आहे, पण लिहून ठेवते.

बैठकीआधी साहेबांनी बोलावून सांगितलं, "आज तुम्ही लिहीत राहायचं. मी टोपण लावलं तरी. एक शब्द सुटायला नको. सरकारला कामगारांचं म्हणणं जसंच्या तसं कळू दे." मी म्हटलं, साहेब, तशी पद्धत नाही. ते म्हणाले, "पद्धतीमुळेच त्यांचं म्हणणं आजवर वर पोचलं नाही. 'चर्चा झाली' वाचून मंत्र्यांना काय कळणार?" हेही खरंच. माझी खुर्ची त्यांनी मागे, कपाटाच्या कडेला ठेवली होती. टेबलावर गर्दी नको म्हणून. वही मांडीवर घेतली. वहीकडे न बघता लिहायची सवय सिस्टरनी लावलीच आहे.

सुरुवातीलाच साहेब म्हणाले, "या खोलीतलं या खोलीत राहील. इथल्या शब्दावरून कुणावर कारवाई होणार नाही, हा माझा शब्द." तासभर मागण्यांचं वाचन झालं. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं. अकराही जणांनी ते पाहिलं. तरी थोडा वेळ कुणी बोलेना. मग धाकटा माझ्या दिशेला मान करून काहीतरी म्हणाला आणि सगळे सैलावले.

साहेबांनी विचारलं, "मला खरंच कुतूहल आहे. एवढ्या झडपा, एकीवरही नंबर नाही, नकाशा जुना. तुम्ही लक्षात कसं ठेवता?"

झालं. आमच्या चाळीतल्या माणसांना हे विचारायचं म्हणजे आजीला नातवाबद्दल विचारण्यासारखं.

"टेकडीखालची साडेएकवीस फेरे," धाकटा म्हणाला. "बावीस केले की खालच्या वस्तीत नळ नुसते फुसफुसतात."

"साडेएकवीस पूर्वी. आता एकवीसच," मामा म्हणाले. मामा सगळ्यांत जुने, सगळेच त्यांना मामा म्हणतात. "वॉशर बदललाय ना."

"तुम्ही चष्मा बदला मामा. वॉशर शाळेमागच्या झडपेचा बदलला."

"शाळेमागची तर उलटी फिरते. बंद करायला गेलं की उघडते. माझ्या बायकोसारखी."

"दवाखान्याजवळचीला घाई नको. सहा फेरे, मग थांबायचं. पाईप गुरगुरायचा थांबला की पुढचे आठ."

एकेक जण पुढे सरसावत होता. टेकडीवर पाणी चढवायच्या चौतीसच्या चौतीस झडपा त्यांनी सांगितल्या, एकमेकांच्या चुका काढत, हसत. वडील असते तर त्यांनीही दोन-चार दुरुस्त्या केल्या असत्या. माझी पेन्सिल कुठेही अडखळली नाही.

शेवटी साहेब म्हणाले, "आणि संपात मी इंजिनिअर पाठवले तर?"

धाकटा म्हणाला, "पाठवा की. आम्ही जाताना चाव्या विहिरीत टाकून जाऊ. फक्त पोहता येणारे इंजिनिअर पाठवा." सगळे हसले. सर्वांत मोठ्याने साहेब.

मागण्यांचं बोलणं पुढच्या बैठकीवर गेलं. निघताना धाकट्याने मान हलवली, लहानपणी हलवायचा तशी. मी वही पर्समध्ये ठेवत होते.

बुधवार, ता. ६

दिवसभर टाइप केलं. एकोणीस पानं. साहेब म्हणाले, "कोण काय म्हणालं तेही हवं. आवाज ओळखता का तुम्ही?" ओळखणार नाही तर काय. त्यातल्या निम्म्यांना मी नाक पुसता येत नव्हतं तेव्हापासून बघतेय. अकराही नावं जिथल्या तिथे भरली.

साहेबांनी दोनच ठिकाणी काट मारली. सुरुवातीचा त्यांचा 'हा माझा शब्द' वगैरे भाग. ते औपचारिक असतं, म्हणाले. आणि मी कंसात 'सर्व हसले' असं लिहिलं होतं ते. "इतिवृत्तात हसणं कसं येईल?" बरोबर आहे. शॉर्टहँडमध्येही हसण्याला खूण नाही; मी आपली एक छोटा गोल काढते. पुन्हा स्वच्छ प्रत काढली. ते म्हणाले, "इतकं शुद्ध काम मी सचिवालयातसुद्धा पाहिलं नाही." या वयात कौतुकाने मान लवते ती लवतेच.

धाकटा माझ्या दिशेला मान करून जे म्हणाला होता ते टाइप केलं नाही. माझ्याविषयीचं होतं, इतिवृत्तात त्याचं काय काम.

शुक्रवार, ता. ८

आजची बैठक रद्द. साहेब सकाळपासून सचिवालयात. काल त्यांनी पान सात ते अकरा यांचा वेगळा तक्ता करून घेतला: ठिकाण, फेरे, विशेष सूचना. कामगारांच्या कौशल्याचं एवढं कौतुक करणारा अधिकारी मी पहिल्यांदाच पाहिला. कदाचित कायम करण्याच्या प्रस्तावाला जोडणार असतील.

पोलिसांना एक पत्रही टाइप केलं. चौतीस ठिकाणी बंदोबस्त हवा म्हणून. संपात दंगाधोपा झाला तर आपल्याच माणसांना लागू नये, हा विचार असेल. तरी हातून दोन चुका झाल्या त्या पत्रात. का कोण जाणे.

रविवार, ता. १०

धाकटा आला होता. आल्या आल्या स्वयंपाकघरात जाऊन माझी पिंपं, बादल्या, पातेली, सगळं भरून ठेवलं.

"अरे, फुलदाणी राहिली," मी म्हटलं.

"भरली. बघ." खरंच भरली होती. "ताई, चार दिवस लागतील. जास्तीत जास्त. टेकडीवर सगळे बंगलेवाले. तिथे पाणी चढलं नाही की मंत्री स्वतः फोन करतील."

"खालच्या वस्तीतल्यांचे हाल होतील रे."

"त्यांना आम्ही सांगून आलोय. त्यातले निम्मे आमचेच." मग पिंपाचं झाकण बसवत त्याने विचारलं, "तुझे साहेब कसे आहेत गं? म्हणजे, नीट आहेत ना?"

"चांगले आहेत. ऐकून घेतात."

"हो. ऐकून घेतात खरे."

चहा न घेताच गेला. बारा वर्षं रोजंदारीवर आहे तो. संप बेकायदा ठरला तर कायम झालेल्यांना चौकशी तरी असते. याला एका कागदावर घरी पाठवता येतं. हे मला कालपासून सारखं आठवतंय.

सोमवार, ता. ११

संप सुरू. आणि नळाला पाणी नेहमीच्या वेळेला, नेहमीपेक्षा जोरात. शेजारीण म्हणाली, "तुमच्या भावांचा संप आहे की सहल? माझ्या बादल्या उगीच अडकून बसल्या." मीही हसले. सरकारने काहीतरी सोय केलेली दिसते. निदान वस्तीतल्या बायकांचे हाल टळले.

बुधवार, ता. १३

पाणी सगळीकडे आहे. टेकडीवरसुद्धा.

काल येताना शाळेमागच्या रस्त्याने आले. दोन पोलीस, एक तरुण इंजिनिअर, हातात लांब चावी. दुसऱ्या हातात कागद. तो कागद बघून चावी फिरवत होता. उलटी.

मी तिथेच थांबले. तक्त्याच्या 'विशेष सूचना' या रकान्यात मी लिहिलं होतं: 'उलट दिशेने फिरते.' माझ्या टाइपरायटरचा 'ल' जरा वर उठतो. दहा पावलांवरून तो दिसायचं कारण नाही, पण मला दिसला.

आज अत्यावश्यक सेवेचा कायदा लागू झाला. दुपारी अकरा बडतर्फीचे आदेश जावक टेबलावर सही होऊन आले. धाकट्याच्या आदेशात लिहिलंय: 'संप झाल्यास सरकारी चाव्या विहिरीत टाकण्याची धमकी दिली.' तारीख पाच. त्यापुढचं पोहणाऱ्या इंजिनिअरांचं वाक्य गाळलंय. मामांच्या आदेशातलं वाक्य मी तीनदा वाचलं. स्वल्पविराम माझे होते.

पाकिटं मीच बंद केली. दुसरं कुणी नव्हतं.

शुक्रवार, ता. १५

धाकट्याकडे गेले. भावजयीने दार उघडलं. एरवी "या वन्सं" म्हणून हात धरून आत नेते. आज नुसती बाजूला झाली.

तो खाटेवर बसून चावीचा दांडा पुसत होता. खात्याची चावी परत द्यायची होती.

"मामांनी विचारलंय," तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "टोपण लावलं होतं साहेबांनी. हे सगळं लिहिलं कुणी?"

मी पर्स मांडीवर ओढून घेतली.

"मी त्यांना म्हटलं, कपाटात मशीन असेल. टेपचं."

"मशीन नव्हतं रे."

दांडा पुसायचा थांबला. भावजय स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, राहू द्या आता." तो म्हणाला, "नाही, बोलू दे तिला."

"साहेब म्हणाले तुमचं म्हणणं वर जसंच्या तसं जायला हवं. मला वाटलं भलं होईल."

"ताई, पेन्सिल खाली नव्हती?"

"नव्हती."

त्याने चावी खाटेवर आडवी ठेवली. मग म्हणाला, "तुला शाळेत घातलं तेव्हा वडील म्हणाले होते, ही आपल्यातली एक तरी तिकडच्या बाजूला बसेल. बसलीस." हे त्याने मुळीच रागाने म्हटलं नाही. रागाने म्हटलं असतं तर सोपं गेलं असतं.

भावजय फाटकापर्यंत आली. "वन्सं, काही दिवस येऊ नका. चाळीत लोक बोलतात, मग हे भांडायला उठतात."

म्हणजे अजूनही माझ्यासाठी भांडतो.

सोमवार, ता. १८

संप मागे घेतला. टेकडीवर पाणी असताना कोण ऐकतंय. बाकीचे माफीनामा लिहून कामावर गेले. अकरा जण बाहेर. युनियन औद्योगिक न्यायालयात गेली आहे. पुढच्या मंगळवारी सुनावणी.

साहेबांनी बोलावलं. "इतिवृत्त मंजूर झालं की स्टेनोची वही नष्ट करायची असते, नाही का?"

"सहा महिन्यांनी, साहेब."

"आत्ताच आणून द्या. तुमच्या डोक्याला ताप नको. तुमच्या मुदतवाढीची फाइलही माझ्याकडेच आहे." अगदी मायेने बोलले. मला अजून वाटतं, ते मुळात वाईट नसावेत. वरून दबाव असेल.

"शोधते," मी म्हटलं. वही पर्समध्येच होती. सिस्टरनी आम्हाला खोटं बोलायला शिकवलं नाही, त्यामुळे ते मला नीट जमलंही नसावं.

गुरुवार, ता. २१

युनियनची वकीलबाई घरी आली. माझ्या भाचीच्या वयाची, कोट खांद्यावर टाकलेला. बसली नाही.

"तुम्हाला रागवायला आले नाही मी. एकच विचारते. साहेबांनी सुरुवातीला काही हमी दिली होती का? अकराही जण म्हणतात दिली होती. इतिवृत्तात नाही."

"वहीत आहे."

मग ती बसली. मी वही दाखवली. तिने पानं उलटली. "यातलं एक अक्षर मला कळत नाही."

"कुणालाच कळणार नाही. माझ्या खुणा माझ्याच आहेत."

"म्हणजे तुम्हाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून वाचावं लागेल. सगळी वही. हमी आणि तो विनोद एवढंच वाचून भागणार नाही, त्यांचे वकील पहिल्या पानापासून वाचायला लावतील. फेऱ्यांचं सगळं. टोपण लावल्यावरही तुम्ही लिहीत होतात हे सगळ्यांसमोर येईल. तुमच्यावर खात्याची कारवाईही होईल, बहुधा त्याच दिवशी. विचार करून सांगा."

"आणि नाही वाचली तर?"

"तर चाव्या विहिरीत टाकायची धमकी, बस. तुमच्या भावाला या वयात कोण कामावर घेईल ते मला ठाऊक नाही."

जाताना तिने चपला घालता घालता विचारलं, "तुम्ही का लिहीत राहिलात?" मी म्हटलं, "मला चांगलं येतं म्हणून." हेच खरं उत्तर असावं. याआधी सुचलं नव्हतं.

शनिवार, ता. २३

पहाटे उठून वही सुरुवातीपासून वाचली, मोठ्याने, सराव म्हणून. हमी आहे. विहिरीचं वाक्य आहे, पोहणाऱ्या इंजिनिअरांचं आहे, आणि त्यापुढे माझा छोटा गोल.

वहीत पान सातच्या माथ्यावर, साहेबांनी टोपण लावल्यावर आणि कुणी बोलेना तेव्हा, धाकटा म्हणाला होता ते मी टाइप केलं नव्हतं. इथेही लिहिलं नव्हतं. आता लिहिते:

'मामा, बोला बिनधास्त. आमची ताई बसली आहे मागे. तिची पेन्सिल खाली आहे.'

तो हे म्हणत होता आणि मी ते लिहून घेत होते. एक शब्द सुटला नाही.

मंगळवारी हे वाक्यही वाचावं लागेल. मामा समोर असतील, चाळीतली माणसं असतील. सराव करताना दोनदा इथे आवाज गेला. तिसऱ्यांदा गेला नाही.

सोमवार, ता. २५

वकीलबाईला होकार कळवला. साहेबांनी आज पुन्हा वही मागितली. मी म्हटलं, "उद्या न्यायालयात देते." ते म्हणाले, "तुम्ही शिकलेल्या बाई आहात."  मी नमस्कार केला आणि बाहेर आले.

उद्यानंतर मला कचेरीत पाऊल टाकू देतील असं नाही. म्हणून लिहून ठेवते. ही पानं शेजारणीकडे असतील, तिने त्याप्रमाणे करावं.

कचेरीतल्या माझ्या टेबलाची किल्ली जावक टेबलावरच्या बाईंना. डाव्या खणात नव्या पेन्सिली आहेत, त्या खात्याच्या नाहीत, माझ्या आहेत, त्यांनी घ्याव्यात.

जुन्या साहेबांना पोस्टाने एक पत्र टाकायचं आहे. पाकीट घरातल्या टेबलावर आहे, तिकीट लावलेलं. त्यांनी ते फाडलं तरी चालेल.

शॉर्टहँडचं पुस्तक कॉन्व्हेंटला परत द्यावं. आत सिस्टरच्या हातचं लिहिलेलं आहे, ते पान कापू नये.

वहीचं माझ्या हाताने लिहिलेलं संपूर्ण वाचन, एकोणतीस पानं, वकीलबाईला. मूळ वही न्यायालयाच्या कारकुनालाच द्यायची, पावती घेऊन. साहेबांच्या शिपायाच्या हातात नाही.

मामांना काही पाठवू नये. मी स्वतः जाईन, ते दार उघडतील त्या दिवशी.

भावजयीला माझी दोन्ही मोठी पिंपं. मला एकटीला एवढं पाणी लागत नाही.

धाकट्यासाठी काहीच ठेवलेलं नाही. तो उद्या समोरच्या बाकावर असेल. त्याचं जे आहे ते मी उभी राहून वाचणार आहे. पान सातपासून पुढे हळू वाचायचं, म्हणजे मागच्या रांगेतल्यांनाही ऐकू जाईल.